मशालीपाशी भेटू!

दोस्तांनो, एक सांगा बरं. तुमच्या गावात पाहुणा आला आणि त्यानं घराचा पत्ता विचारला, तर तुम्ही काय सांगता? घर नंबर अमुक, गल्ली नंबर तमुक? छे! आमच्या हिमायतनगरात तरी असं कुणी सांगत नाही. आम्ही म्हणतो, "परमेश्वराच्या देवळापाशी या आणि कुणालाही विचारा." नाहीतर म्हणतो, "स्टेशनाकडून सरळ या." म्हणजे काय, तर एक खूण सांगायची. सगळ्यांना ठाऊक असलेली, लांबून दिसणारी, सहसा जागेवरून न हलणारी!

मोठ्या शहरांचंही असंच असतं बरं का! आज मी तुम्हाला मुंबईतल्या अशाच एका खुणेची गोष्ट सांगणार आहे. रोज लाखो लोक तिच्याजवळून जातात. बसचा कंडक्टर तिचं नाव पुकारतो, टॅक्सीवाला मान डोलावतो. पण तिथं थांबून वाचणारे किती? फार थोडे. मीही त्यांतला नव्हतो. मला थांबायला लावलं ते पाचवीतल्या एका पोरानं, आणि तेही हरवल्यामुळं!

तर झालं असं. दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची वर्षा आणि भाचा गोट्या आमच्याकडं आले होते. वर्षा आठवीत, गोट्या पाचवीत. दोघांनी मुंबईचा हट्टच धरला. "मामा, समुद्र बघायचाय!" आता आमच्या भागात पाणी म्हणजे पैनगंगा. नदीच्या पलीकडं विदर्भ, आणि तेलंगणही इथून काही फार लांब नाही. पावसाळ्यात सहस्रकुंडचा धबधबा दणदणतो, तेवढंच काय ते आमचं मोठं पाणी. समुद्र मात्र एकदम राज्याच्या दुसऱ्या टोकाला!

पण एक सोय आहे. हिमायतनगरच्या स्टेशनातून नंदीग्राम एक्सप्रेसमध्ये बसायचं, की गाडी बदलायची भानगड नाही. भोकर, मुदखेड, नांदेड, परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर, मनमाड, नाशिक करत गाडी थेट मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमध्ये जाऊन उभी राहते. म्हणजे आमच्या छोट्याशा स्टेशनाचे रूळ समुद्रापर्यंत गेलेले आहेत म्हणा ना! आम्ही धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या बांधून घेतल्या आणि निघालो. गोट्यानं खिडकी पकडली आणि कसारा घाट येईपर्यंत सोडली नाही. झोपेतसुद्धा त्याचं डोकं खिडकीलाच टेकलेलं होतं!

मुंबईला उतरलो आणि दोघं स्टेशनाकडं बघतच राहिले. तुम्ही गेलात तर तुम्हीही बघत राहाल. घुमट, कमानी, दगडात कोरलेले प्राणी आणि पानं-फुलं! १८७८ मध्ये या इमारतीचं काम सुरू झालं आणि पुढं दहाएक वर्षं ते चाललं होतं. २००४ मध्ये युनेस्कोनं तिला जागतिक वारसा म्हणून मान दिला. पण आम्ही तिथं फार रेंगाळलो नाही. समुद्र बोलावत होता ना!

स्टेशनाबाहेर मी दोघांना उभं केलं आणि जरा मोठ्या आवाजात सांगितलं, "हे बघा, गर्दी फार आहे. हात सोडायचा नाही. आणि चुकून हरवलातच, तर रडत बसायचं नाही. कुणालाही विचारायचं, 'हुतात्मा चौक कुठं आहे?' तिथं मशाल धरलेला पुतळा आहे. त्या मशालीपाशी उभं राहायचं. मी तिथं येतो."

"मशालीपाशी भेटू!" गोट्या म्हणाला. त्याला तो खेळच वाटला.

स्टेशनापासून हुतात्मा चौक फार लांब नाही. डॉ. दादाभाई नवरोजी रस्त्यानं चालत गेलं, तर दहा-पंधरा मिनिटं लागतात. या रस्त्याची गंमत अशी, की इमारतींच्या खालून कमानींची लांबलचक ओसरी गेलेली आहे. ऊन असो, पाऊस असो, तुम्ही सावलीतून चालता. चालता चालता अचानक जागा मोकळी होते, पाच-सहा रस्ते एकत्र येतात आणि समोर दिसतं एक पांढरंशुभ्र दगडी कारंजं. त्याच्यावर एक देवी उभी आहे.

"ही कोणती देवी?" वर्षानं विचारलं.

ही फ्लोरा. रोमन लोकांची फुलांची देवी. हे कारंजं १८६४ मधलं आहे. त्याचा दगड इंग्लंडमधल्या पोर्टलंडचा. आधी ते दुसरीकडं, बागेत बसवायचं ठरलं होतं म्हणे. पण अखेर ते इथं आलं. आणि 'इथं' म्हणजे कुठं, ठाऊक आहे? पूर्वी मुंबईला किल्ला होता, भोवती तट होता. त्या तटाच्या एका दरवाज्यातून आत गेलं, की सेंट थॉमस चर्चकडं जाता येई. म्हणून त्याचं नाव चर्च गेट! १८६० नंतरच्या काही वर्षांत तट पाडला, दरवाजा गेला आणि त्या जागी हे कारंजं आलं. दरवाजा नाहीसा झाला, पण नाव उरलं. आज लोकलच्या स्टेशनाला चर्चगेट म्हणतात ते त्यामुळंच. आहे की नाही गंमत!

बरीच वर्षं या चौकाला लोक फ्लोरा फाउंटन म्हणत. जुनी माणसं आजही 'फाउंटन' म्हणतात. पण त्याच कारंज्याजवळ दुसरी एक आकृती आहे. दोन माणसं, एक शेतकरी आणि एक कामगार. दोघांनी मिळून एक मशाल उंच धरली आहे. हेच ते हुतात्मा स्मारक, आणि म्हणून हा हुतात्मा चौक. मी दोघांना बोटानं दाखवलं, "ही बघा आपली मशाल." दोघांनी 'हो हो' केलं आणि आम्ही पुढं गेलो. खरं सांगू? मीही तेवढंच केलं. याआधी किती वेळा त्या चौकातून गेलो असेन, पण खूण म्हणून. थांबलो एकदाही नव्हतो.

चौकातून चर्चगेटकडं जाणाऱ्या रस्त्याच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग असतात. वाचायची आवड असलेल्यांसाठी हा खजिनाच! वर्षा एका ढिगापाशी बसली. मी दुसरा ढीग उपसायला लागलो. पाच मिनिटं झाली असतील. मान वर करून बघतो तर काय, गोट्या नाही!

दोस्तांनो, त्या क्षणी पोटात जे होतं ना, ते सांगता येत नाही. डावीकडं माणसं, उजवीकडं माणसं, रस्त्यावर गाड्यांची रांग. वर्षाचा चेहरा पांढरा पडला. मी पुस्तकवाल्याला विचारलं, शेजारच्या चहावाल्याला विचारलं. कुणी पाहिलं नव्हतं. आम्ही चर्चगेटच्या बाजूला पळालो, परत आलो. ताईला आता काय सांगू, हेच डोक्यात! तेवढ्यात वर्षा ओरडली, "मामा, मशाल!"

अरे हो की! सांगितलं मी होतं आणि विसरलो मीच!

पळत चौकात आलो. आणि बघतो तर गोट्या स्मारकापाशी उभा. डोळे नुकतेच पुसलेले दिसत होते, पण रडत नव्हता. तो काहीतरी वाचत होता. मी जाऊन त्याला घट्ट धरलं. रागवायचं होतं, पण शब्दच फुटेना. तो उलट मलाच म्हणाला, "थांबा ना मामा! माझी नावं राहिलीत अजून."

मग त्यानं सगळं सांगितलं. एका दुकानातली खेळण्यातली बोट बघत तो पुढं गेला आणि मागं वळला तर आम्ही दिसेनात. त्यानं एका वडापाववाल्याला विचारलं, "काका, मशालीचा पुतळा कुठं हाय?" वडापाववाल्यानं हातातलं काम ठेवलं, एका बाईंना सांगून त्याला रस्ता ओलांडून दिला आणि बोट दाखवलं. पुतळ्यापाशी आला तर आम्ही नाही. रडू यायला लागलं. मग रडू थांबवायला त्यानं समोर कोरलेलं वाचायला सुरुवात केली. ती होती माणसांची नावं. एकाखाली एक, एकाखाली एक.

"मामा," तो म्हणाला, "ह्यांच्यात एकाचं नुसतंच नाव आहे. अनंता. आडनाव नाही, बापाचं नाव नाही. असं कसं?"

मी वाचलं. खरंच होतं. अनंता. एवढंच. मग आम्ही तिघांनी मिळून पहिल्यापासून सगळी नावं वाचली. मोठ्यानं. येणारे-जाणारे बघत होते, बघू देत!

सीताराम बनाजी पवार. जोसेफ डेव्हिड पेजारकर. चिमणलाल डी. शेठ. भास्कर नारायण कामतेकर. पुढं के. जे. झेवियर, महमद अली, वेदीसिंग. बालप्पा सुतप्पा कामाठी. एडवीन आमब्रोझ साळवी. सय्यद कासम. होरमसजी करसेटजी. रावजीभाई डोसाभाई पटेल. देवजी शिवन राठोड. दोन नावं बायकांची, ठमाबाई विठ्ठल सूर्यभान आणि कमलाबाई मोहिते. बेळगाव-निपाणीकडच्या माणसांचीही नावं यात आहेत.

तुम्हीही ही नावं एकदा हळू वाचून बघा. काय दिसतं? हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिश्चन आहेत, पारशी आहेत. मराठी आहेत, गुजराती आहेत, उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचेही वाटतात. वर्षा म्हणाली, "मामा, पण हे तर मराठी राज्यासाठी होतं ना? मग ही सगळी नावं इथं कशी?"

प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचं उत्तर द्यायचं, तर जरा मागं जावं लागेल. चला, तुम्हीही या आमच्याबरोबर.

देश स्वतंत्र झाला तेव्हा आजचा महाराष्ट्र नव्हताच! मराठी बोलणारी माणसं तीन ठिकाणी विभागलेली होती. मुंबई, पुणे, कोकण, खानदेश हे मुंबई राज्यात. विदर्भ मध्य प्रदेशात. आणि आपला मराठवाडा हैदराबाद राज्यात. म्हणजे माझ्या आजोबांची राजधानी मुंबई नव्हती, हैदराबाद होती! आमच्या शेजारचा किनवट, इस्लापूरचा भाग तर त्या वेळी आदिलाबाद जिल्ह्यात होता.

मग एका भाषेच्या लोकांचं एक राज्य असावं, अशी मागणी देशभर जोर धरू लागली. डिसेंबर १९५३ मध्ये सरकारनं राज्य पुनर्रचना आयोग नेमला. १९५५ मध्ये त्याचा अहवाल आला. मराठी माणसांना हवा होता मुंबईसकट एक महाराष्ट्र. पण खरा वाद मुंबईचाच होता. मुंबई म्हणजे देशातलं मोठं बंदर, कापडाच्या गिरण्या, बँका, व्यापार. ती कुणाकडं जाणार? मुंबई महाराष्ट्राला न देता वेगळीच ठेवावी, असा विचार दिल्लीत पुढं आला आणि इकडं लोक खवळले.

२१ नोव्हेंबर १९५५. त्या दिवशी मुंबईत संप होता. गिरण्या बंद होत्या. कामगारांचे, विद्यार्थ्यांचे जथे विधानसभेकडं निघाले. तेव्हाची विधानसभा या चौकापासून जवळच होती. ती जुनी दगडी इमारत आजही उभी आहे, तिच्यात आता राज्याच्या पोलिसांचं मुख्यालय आहे. मोर्चा अडवला गेला. लाठ्या चालल्या, अश्रुधूर सुटला आणि मग गोळ्या. त्या एका दिवसात १५ माणसं गेली. मोरारजी देसाई तेव्हा मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते.

पुढं १६ जानेवारी १९५६ ला पंतप्रधान नेहरूंनी जाहीर केलं, की मुंबई केंद्र सरकारच्या ताब्यात राहील. त्या आठवड्यात गिरगावात, गिरणगावात पुन्हा गोळीबार झाले. आणखी कितीतरी माणसं मेली. १९५६ च्या फेब्रुवारीत संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली. एस. एम. जोशी, आचार्य अत्रे, कॉम्रेड डांगे, प्रबोधनकार ठाकरे अशी एरवी एकमेकांशी न पटणारी माणसं एका व्यासपीठावर आली. शाहीर अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गव्हाणकर यांच्या डफांनी गावं जागी केली.

हुतात्मे किती? भाषणांत आपण ऐकतो १०५. कुठं १०६ छापलेलं असतं, तर कुठं १०७. आकडा असा हलतो. पण एकेक नाव वाचलं, की ते हलत नाही. चिमणलाल म्हणजे चिमणलालच. ठमाबाई म्हणजे ठमाबाईच.

आता वर्षाचा प्रश्न. इतक्या प्रकारची नावं कशी? अगं, मुंबईच तशी! गिरणीत खाते वेगळे असतील, बोली वेगळ्या असतील, पण रस्ता एकच. मोर्चात कोण होतं, कामावरून घरी कोण चाललं होतं, गॅलरीत कोण उभं होतं, हे दगडावर लिहिलेलं नाही. गोळीला भाषा कळत नाही आणि ती धर्मही विचारत नाही. म्हणून कुणी तुम्हाला सांगायला लागलं, की हे अमक्या लोकांचं तमक्या लोकांशी भांडण होतं, तर त्याला म्हणा, "आधी चला आणि नावं वाचा."

नावं वाचून झाली, तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. आम्ही वीर नरिमन रस्त्यानं सरळ पश्चिमेकडं चालत सुटलो. चर्चगेट मागं पडलं आणि मग एकदम मोकळं आकाश आणि पाणीच पाणी! मरीन ड्राइव्ह! गोट्या कठड्यावर चढला आणि गप्पच झाला. एवढं पाणी एका जागी त्यानं कधी बघितलं नव्हतं. सूर्य बुडाला, दिवे लागले आणि किनाऱ्याची वळणदार माळ चमकायला लागली. 'राणीचा हार' म्हणतात ते उगीच नाही.

तिथं बसून वर्षानं पुन्हा विचारलं, "मामा, म्हणजे ते युद्ध होतं का?"

मी म्हटलं, नाही. युद्धाची स्मारकं वेगळी असतात. दिल्लीचं इंडिया गेट आहे, १९३१ मध्ये पुरं झालेलं. त्याच्यावर पहिल्या महायुद्धात आणि त्या काळातल्या लढायांत पडलेल्या १३ हजारांहून जास्त सैनिकांची नावं आहेत. समुद्रकाठच्या चेन्नईत आणि विशाखापट्टणमला अगदी किनाऱ्यालगत युद्धस्मारकं आहेत. विशाखापट्टणमचं तर १९७१ च्या युद्धातल्या नौदलाच्या विजयाचं. आणि इथं मुंबईतच, मशीद बंदर भागात खलाशांच्या वसतिगृहात एक स्मारक आहे. पहिल्या महायुद्धात जहाजांवर मेलेल्या दोन हजारांहून जास्त खलाशांचं. त्यांना कबर नाही, समाधी नाही. समुद्रच त्यांची जागा. उरलं ते नाव.

"पण हुतात्मा चौकात तसं नाही," मी म्हटलं. "तिथं समोर शत्रूचं सैन्य नव्हतं. सरकार आपलंच, पोलीस आपलेच आणि पडलेली माणसंही आपलीच. त्यांच्या हातात बंदुका नव्हत्या." हे बोलताना मला स्वतःलाच कसंसं झालं. युद्धाच्या स्मारकापुढं छाती फुगवून उभं राहता येतं. इथं अभिमान वाटतो आणि मान खालीही जाते. दोन्ही एकदम! स्वतंत्र देशात, आपल्याच लोकांवर, एका मागणीसाठी गोळ्या चालाव्यात? या प्रश्नाला वर्षा काही बोलली नाही. मीही नाही.

मग गोट्यानंच विचारलं, "पण मामा, आपला काय संबंध? आपण तर हैदराबादमधले होतो ना?"

बघा, पोरगं कसं बरोबर बोट ठेवतं! ऐका तर. १५ ऑगस्ट १९४७ ला देशात झेंडा फडकला, पण आपल्याकडं नाही. निजामानं हैदराबाद भारतात न घालता वेगळंच ठेवायचं ठरवलं. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लोक लढले. रझाकारांचा जुलूम सोसला. आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या गोविंदराव पानसरे यांची तर स्वातंत्र्याच्याही आधी, १९४६ मध्ये बिलोली भागात अर्जापूरजवळ हत्या झाली. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामानं शरणागती दिली. म्हणून १७ सप्टेंबर हा आपला मुक्तिसंग्राम दिन. आपल्याला स्वातंत्र्य मिळालं ते देशाच्या मागून १३ महिन्यांनी!

१ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडलं आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले. विदर्भही आला. पण त्या मोठ्या राज्यात गुजरातही होता. लढा चालूच राहिला. शेवटी १ मे १९६० ला मुंबईसकट महाराष्ट्र झाला. म्हणजे बघा, आज हिमायतनगरातला मुलगा नंदीग्राममध्ये बसून आपल्याच राज्याच्या राजधानीत उतरतो, हे दोन लढ्यांनी मिळून झालं आहे. एक आपल्या शिवारात लढला गेला, दुसरा त्या चौकात. पहिल्यातल्या लोकांनी बहुधा समुद्र पाहिलाही नसेल. दुसऱ्यातल्या लोकांनी पैनगंगेचं नावही ऐकलं नसेल. पण दोघांचं जुळलं, म्हणून तर आपण इथं बसून शेंगदाणे खातोय!

गोट्या बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "अनंताच्या आईला कळलं असेल का, की त्याचं नाव तिथं आहे?"

काय सांगणार मी? मी त्याचा हात धरला. घट्ट. या वेळी सोडायचा नाही, असं ठरवूनच!

दोन दिवसांनी आम्ही परत आलो. स्टेशनातून घराकडं येताना गोट्यानं आमच्या गावच्या कॉलेजची पाटी मोठ्यानं वाचली. "हुतात्मा जयवंतराव पाटील महाविद्यालय!" आणि तिथंच थबकला. "मामा! हे पण हुतात्मा?"

दोस्तांनो, ती पाटी मी रोज बघतो. कॉलेजला आम्ही सगळे नुसतं 'कॉलेज' म्हणतो. 'हुतात्मा' हा शब्द बोलण्याच्या घाईत गळून पडतो. जयवंतराव पाटील हे आपल्या हैदराबाद मुक्तिसंग्रामातले हुतात्मे. समुद्रकाठच्या चौकात जाऊन मी शंभरावर नावं वाचून आलो आणि माझ्या गावातलं एक नाव मात्र कधी थांबून वाचलं नव्हतं! त्या संध्याकाळी मी गोट्याला शेजारच्या म्हाताऱ्या आजोबांकडं घेऊन गेलो. त्यांना ऐकू कमी येतं, पण रझाकारांच्या वेळची रात्र त्यांना आजही आठवते. त्यांची आई त्यांना घेऊन शेतात लपली होती. गोट्यानं वहीत सगळं लिहून घेतलं. अक्षर वेडंवाकडं, पण लिहिलं. शेवटी आजोबा त्याला म्हणाले, "लिव्हलास ते जपून ठेव, पोरा. मी काय आता लई दिवसाचा न्हाई."

तर आता तुमची पाळी! १९८० नंतरच्या काळात महाराष्ट्रभर ठिकठिकाणी हुतात्मा स्मारकं बांधली गेली. तुमच्या तालुक्यात, शेजारच्या गावात एखादं असेल. कुठं त्याच्या पायरीवर मुलं क्रिकेटची बॅट टेकवतात, कुठं कुणी धुणं वाळत घालतं. कुठं फक्त १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला झाडलोट होते. किंवा तुमच्या शाळेच्या, चौकाच्या, रस्त्याच्या नावात 'हुतात्मा' असेल. या आठवड्यात तिथं जा. एक वही-पेन घ्या. नावं लिहून घ्या. सगळी, एकही न गाळता. मग घरातल्या किंवा शेजारच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, "ह्यांना तुम्ही ओळखत होता का?" जे सांगतील ते लिहा. आकडा पाठ नाही झाला तरी चालेल. पण एका माणसाचं नाव नीट, बापाच्या नावासकट आणि आडनावासकट, तुमच्या वहीत आलं पाहिजे.

आणि कधी मुंबईला गेलात, तर समुद्र बघाच, गेटवे बघा, वडापाव खा. पण स्टेशनातून उतरल्यावर आधी दादाभाई नवरोजी रस्त्यानं चालत जा. पांढऱ्या फुलदेवीच्या कारंज्यापाशी थांबा. शेजारी दोन माणसांनी एक मशाल धरलेली दिसेल. तिथं नावं वाचा, आणि अनंतापाशी पोचलात की जरा जास्त वेळ थांबा.

गोट्या परवा घरी गेला. जाताना मला बजावून गेला, "मामा, पुढच्या दिवाळीला पुन्हा जायचं. आणि हरवलात, तर रडायचं नाही. मशालीपाशी भेटू!"